गाड्या निघायच्या आधी फुललेली शेवंती

धारूरला किल्ल्याच्या खालच्या अंगाला आमचं घर. घरामागे जेमतेम दोन गुंठ्यांचं अंगण, त्यात माती कमी आणि मुरूमच जास्त. गावातल्याच शाळेत मी विज्ञान शिकवायचे. वाटाण्याची उंच झाडं, बुटकी झाडं, त्यांचे फळ्यावरचे चौकोन, हे सगळं मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. पण स्वतःच्या हातानं एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला कधी लावले नव्हते. त्याचं मला काही वाटतही नव्हतं. वाटायला लागलं ते शेवंतीमुळे.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. एकदा पुण्याच्या फेरीवरून येताना त्यांनी पांढऱ्या शेवंतीची कुंडी आणली. गच्च पाकळ्यांचं, मुठीएवढं फूल. आमच्याकडे पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे पांढरं फूल ठेवतात आणि धारूरात ते सहज मिळत नाही, म्हणून मला फार आनंद झाला. पण एप्रिल लागला तशी पानं करपली आणि मे संपायच्या आत झाड गेलं. पुढच्या वर्षी यांनी दुसरी कुंडी आणली, तीही गेली. तिसरीही तशीच. धुण्याच्या दगडाजवळ मात्र माझ्या माहेराहून, सिरसाळ्याहून आणलेली एक गावठी पिवळी शेवंती होती. तिला कोणी मुद्दाम पाणी घालत नव्हतं. धुण्याचं साबणी पाणी वाहत जाई, त्यावर ती जगायची. फुलं बटणाएवढी, एकेरी पाकळीची, विस्कटलेली. तिसरी कुंडी मेली तेव्हा ही पिवळी दगडाला टेकून हिरवीगार उभी होती. या दोघींचं बी धरून बघावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. यांना मी पुन्हा पांढरी कुंडी आणायला सांगितली, या वेळी दोन.

त्याच वर्षी एक बाई आमच्याकडे कामाला यायला लागली. घरामागच्या वस्तीत राहायची, आमच्याच समाजाची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. एरवी दसरा झाला की ती आणि तिचा नवरा मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. त्या वर्षी विहिरीच्या कामावर नवऱ्याचा पाय मोडला. ऊसतोडीला माणसं जोडीनं लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. जोडी मोडली म्हणून ती गावातच राहिली आणि निंदायला, जळण फोडायला, मिळेल त्या कामाला जाऊ लागली. दहा-अकरा वर्षांची मुलगी आजोळी ठेवलेली होती.

पिवळीला फुलं आली तेव्हा एका रविवारी मी कात्री घेऊन तिच्या पाकळ्या बुडापर्यंत कापत बसले होते. तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"बाई, चांगलं फूल कावून कापायलात?"

मी तिला समजावलं, की शेवंतीची एकेक पाकळी म्हणजे एकेक मादी फूल असतं. पाकळी कापली की तिच्या बुडाशी दोन टोकांची बारीक जीभ वर येते. तिला दुसऱ्या झाडाचे पराग लावले तर दोन्ही झाडांचं मिळून बी धरतं.

"म्हंजी शेळीला दुसऱ्या गावचा बोकड दाखवायचा," ती म्हणाली आणि पुन्हा निंदायला लागली. नववीच्या मुलांना एवढं समजवायला मला तीन तास लागायचे.

पण पांढरीत पराग सापडेनात. फूल इतकं गच्च, की मधोमध जिथं पिवळा डोळा असायला हवा तिथंही पाकळ्याच. मी दहा-बारा फुलं उसवून पाहिली, भिंगाखाली धरली. काही नाही. पंधरा दिवस मी त्या नादाला लागलेच नाही. मग एके दिवशी शाळेतून येते तर ती मागच्या दारात वाट बघत उभी.

"इकडं या. ह्ये बगा."

दोनपैकी एक कुंडी आम्ही न्हाणीच्या मागे विसरलो होतो. पाण्यावाचून तिची पानं लोंबलेली, पण फांदीच्या टोकाला एक मरतुकडं फूल आलेलं. पाकळ्या विरळ, आणि मधोमध पिवळा डोळा.

"उपाशी ऱ्हायलं मनून डोळा उघडला," ती म्हणाली. "खाऊनपिऊन असलं की पाकळ्याच पाकळ्या."

भिंगाखाली मी त्या डोळ्यावरची पिवळी धूळ पाहिली. कुठल्याशा पुस्तकात हे लिहिलेलं असेलही. मी वाचलेलं नव्हतं. आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून तिनंच ती धूळ उचलली आणि मी कापून ठेवलेल्या पिवळीच्या फुलांवर एकेका जिभेला लावली. माझ्या हातून ती सांडायची, तिच्या हातून नाही. जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून आम्ही ती फुलं झाकली. जानेवारीत त्यांतून बी निघालं, जिऱ्याच्या तुकड्याएवढं, तपकिरी. दुधाच्या पिशव्यांत रोपं केली. एकेचाळीस जगली.

मे महिन्यात मी दहा दिवस माहेरी गेले. जाताना तिला सांगितलं, रोपांना रोज सकाळी पाणी घाल. परत आले तर एकेचाळीसपैकी अकरा उरली होती. बाकीच्या पिशव्यांत काड्या. मी तिथंच उन्हात उभी राहून तिला वाट्टेल ते बोलले. एवढं एक काम सांगितलं होतं, तेही नाही झालं, असं काहीबाही. 

मी थांबल्यावर ती म्हणाली, "चौथ्या दिवशी पाणी दिलं म्या. इसरून न्हाई, जाणून. तुमीच मनलत्या ना, उन्हात टिकणारं पायजे मनून? रोज पाणी घालून कसं कळायचं कोण टिकतंय ते? माझी माय ज्वारीचं बी धरायची, ती वाळलेल्या रानातल्या चांगल्या कणसाचं धरायची. पाटाच्या पाण्याकडचं न्हाई."

निवड म्हणजे काय ते मी फळ्यावर लिहीत आले होते. करायची हिंमत तिनं केली. मी तिची माफी मात्र मागितली नाही. "बरं, पुढच्या वेळी आधी सांगत जा," एवढंच म्हणाले.

त्या अकरांना पावसाळ्यात चांगले फुटवे आले. भाद्रपद सरला, दसरा झाला, कळ्या धरल्या. नवऱ्याचा पाय जोडला गेला होता. वस्तीत ट्रक लागायचा त्याच्या आदल्या दिवशी ती अंगणात आली आणि एकेका झाडापुढे उकिडवी बसली. एका कळीचं टोक नखानं उघडून आतला रंग दिसतो का बघत होती. आत सगळंच अजून हिरवं होतं.

"कवा उमलतील?"

"दिवाळी होऊन गेल्यावर."

"तवर आमी लई लांब," ती म्हणाली. हात झटकले आणि गेली.

फुलं आली ती बहुतेक मळकट, वाकड्या पाकळ्यांची. एका रोपाची मात्र फिक्या सायीच्या रंगाची, दुहेरी, रुपयाएवढी. आणि हे रोप मे महिना काढून आलेलं. मी वेड्यासारखी दिवसातून चारदा अंगणात जायची. तिच्या नवऱ्याकडे बटणांचा मोबाइल होता. फोटो जात नव्हता आणि फडात रेंजही नसायची. कधीतरी फोन लागला तेव्हा मी ओरडून सांगितलं, "साईसारखं आलंय गं, दुहेरी!" ती तिकडून "हां, हां" म्हणत होती. काय कळलं कोण जाणे. तिला दाखवायला म्हणून एक फूल मी पुस्तकात दाबून ठेवलं. पाडव्याला ती आल्यावर काढून दाखवलं. तोवर ते चहाच्या रंगाचं झालं होतं.

"ह्ये तर वाळलेलं पान हाय, बाई," ती म्हणाली. तिनं ते परत पानांमध्ये नीट ठेवलं. मग विचारलं, "आमी जायच्या आधी फुलंल असं एखादं न्हाई का व्हायचं? दसऱ्याला विहारात सगळे जमतात. तवा पांढरं फूल असलं तर लई बरं व्हईल. दुसऱ्या दिवशी गाड्यात बसायचंच असतंय."

मी हसले. शेवंतीला रात्र मोठी लागते, दिवस लहान झाल्याशिवाय ती कळी धरत नाही, हे मी तिला शिक्षिकेच्या आवाजात समजावून सांगितलं. तिनं मान हलवली आणि कामाला लागली. नंतर एकटीच बसले असताना मला माझ्या हसण्याची लाज वाटली. वर्षाचे सात महिने ती माती भुसभुशीत करायची, माव्याची कीड पडली तर राखेच्या पाण्यानं धुवायची, उन्हाळ्यात कोणाला किती पाणी तोडायचं ते ठरवायची. आणि फूल उमलायच्या वेळी परक्या गावात ऊस तोडत असायची. माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

अकरांत एक मळकट गुलाबी रोप होतं. दिसायला काहीच नाही, म्हणून मी ते उपटायच्या बेतात होते. पण वही काढून पाहिली तर सगळ्यांत आधी, बाकीच्यांच्या तीन आठवडे आधी, तेच फुललं होतं. मी ते ठेवलं. पुढच्या हंगामात त्याची उशिरापर्यंत टिकलेली शेवटची फुलं आणि सायीच्या रंगाच्या झाडाची पहिली फुलं एका वेळी सापडली, तेव्हा त्यांचं बी धरलं. हे मी एकटीनं केलं. पराग आता माझ्याही हातून सांडत नव्हते. पाडव्याला ती आली, रोपं तिच्या ताब्यात दिली. त्या पिढीत मनासारखं काही निघालं नाही. त्यातली दोन लवकर फुलणारी निवडून त्यांना पुन्हा सायीच्या झाडाचे पराग लावले. अशी वर्षं गेली.

मधल्या एका वर्षी बीडला कृषी प्रदर्शन भरलं. यांच्या आग्रहावरून मी सायीच्या शेवंतीच्या दोन कुंड्या नेल्या. उन्हाळा काढणारी, कमी पाण्याची, घरी तयार केलेली जात, असं सांगितल्यावर लोक थांबून बघायला लागले. बक्षीस मिळालं. एका वार्ताहरानं विचारलं, "मॅडम, कोणाची मदत झाली?" मी म्हणाले, "घरच्यांची." दुसऱ्या दिवशी माझा फोटो आला. एका शिक्षिकेनं एकटीच्या चिकाटीनं नवी शेवंती कशी घडवली, असं त्याखाली लिहिलेलं. एकटीच्या हा शब्द मी वाचला. कात्रण कापून शाळेच्या फलकावर लावलं.

पाडव्याला ती परत आली. वस्तीतल्या कोणीतरी तिला ते वाचून दाखवलं होतं. मला म्हणाली, "फोटू चांगला आलाय." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. ती दारात गहू पाखडत होती. मला पोतं अंथरून दिलं, पाणी दिलं.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय."

"मग येत का नाहीस? त्या पेपरातलं काही मनात धरलंस का?"

सूप हातात तसंच धरून ती म्हणाली, "म्या काय पेपरात यायला काम करत न्हवते, बाई. माझं नाव न्हाई आलं त्याचं काय न्हाई. पण तुमी मनलात, घरच्यांनी मदत केली. म्या घरची हाय का?"

"मग? आहेसच की."

"मग इतकी वर्षं म्या च्या कुटं पिते तुमच्या घरी?"

ती चहा मागच्या ओट्यावर प्यायची. कोपऱ्यात एक स्टीलचा पेला पालथा घातलेला असायचा, तो तिचा. मी कधी ठरवून असं केलं नव्हतं. पहिल्या दिवशी हात मातीचे होते म्हणून ती ओट्यावर बसली, मी चहा बाहेर दिला, आणि पुढे तेच चालू राहिलं. माझ्या वडिलांना लहानपणी सिरसाळ्याच्या एका हॉटेलात बाहेर ठेवलेल्या बशीतून चहा प्यावा लागला होता. त्यांनी आम्हा भावंडांना ते पुन्हापुन्हा सांगितलं होतं, आणि ते सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज बदलायचा. त्यांच्याच लेकीच्या घरी, त्यांच्याच समाजाच्या बाईचा पेला वेगळा होता. माझ्याकडे डिग्री, पगार आणि पक्कं घर आल्यावर मी ते केलं होतं, आणि मला दिसलंसुद्धा नव्हतं.

मी तिथंच पोत्यावर बसून राहिले. तिनं गहू पाखडून संपवला. "जा तुमी, शाळा असंल," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

ती आली ती आणखी दहा दिवसांनी, आपणहून. "रोपांनी काय केलंय," एवढंच म्हणाली. मी तिला आत बोलावलं. ती आत आली, स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसली. मी चहा टाकला, दोन सारखे कप काढले. ती कप दोन्ही हातांत धरून खाली बघत होती, मी उतू न जाणाऱ्या दुधाकडे. तो चहा आम्हाला कोणालाच गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशीचाही नाही. सवय व्हायला पावसाळा गेला.

त्याच वर्षीच्या रोपांत एक होतं. मे महिन्यात तिनं त्याला आठ-आठ दिवस पाणी दिलं नाही, तरी त्याची खालची पानं तेवढी गेली. श्रावणातच त्यानं कळ्या धरल्या. आम्ही दोघी त्याविषयी फारसं बोलायचं टाळायचो. ती रोज आल्या आल्या त्याच्यापाशी जाऊन यायची. दसऱ्याला नऊ दिवस राहिले असताना सकाळी सातच्या सुमारास मला मागच्या दारातून हाक आली. एरवी ती हाक मारायची नाही, कडी वाजवायची.

पहिलं फूल उमललं होतं. पांढरं. सायीसारखंसुद्धा नाही, स्वच्छ पांढरं, दुहेरी पाकळीचं, मधोमध जेमतेम पिवळी छटा. बाजारातल्या फुलापेक्षा लहान. ती उकिडवी बसली होती आणि फुलाला हात लावत नव्हती.

"ह्येच का?" तिनं विचारलं.

"हेच."

"किती दिवस ऱ्हाईल?"

"पंधरा दिवस तरी."

तिनं बोटं मोजली. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तवर हाय म्या."

दसऱ्याला विहारात आम्ही दोघी गेलो. ती पांढरं लुगडं नेसली होती. परडीत एकवीस फुलं होती, तिनंच तोडली होती. वंदना झाल्यावर तिनं ती मूर्तीपुढे मांडली. वस्तीतल्या बायका विचारायला लागल्या, या दिवसांत पांढरी शेवंती कुठून आणली? मी म्हणाले, हिनं केली. ती लगेच म्हणाली, "दोघींनी." दोन दिवसांनी ट्रक आला. जाताना बायकांनी तिच्याकडून फुटवे मागून घेतले, तेलाच्या डब्यांत, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून. तिकडे पाचटाच्या झोपडीपुढे, कोपीपुढे लावू म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर, शेवटची फुलं होती तोवर, मी पुन्हा प्रदर्शनात गेले. अर्जात उत्पादकाच्या नावाला एकच ओळ होती. मी त्या ओळीत बारीक अक्षरात दोघींची नावं लिहिली. टेबलावरचे साहेब म्हणाले, "मॅडम, एकच लिहा, प्रमाणपत्र एकाच नावानं निघतं." मी म्हणाले, मग काढू नका. त्यांनी शेवटी हातानं दुसरं नाव घातलं. जातीचं नाव काय, म्हणून विचारलं. तिचंच नाव द्यावं असं मी तिला आधी विचारून पाहिलं होतं. "नको," ती म्हणाली होती, "फूल सुकलं की पायाखाली येतंय." मी ती जागा रिकामी सोडली. वस्तीतले लोक तिला कोयत्याची शेवंती म्हणतात. तेच आता गावात चालतं.

प्रमाणपत्र मी काचेत घालून ठेवलं, ती आली की द्यायला. पण ती पाडव्याच्या आधीच आली. जानेवारी संपता संपता कारखान्याच्या आवारात उसाची ट्रॉली मागे घेताना तिचा नवरा मधे सापडला. त्याला गावी आणलं ते दुपारी. आमचे हे पुढे होऊन सगळं बघत होते. मी तिच्याजवळ बसले होते. ती रडत नव्हती. कोणीतरी म्हणालं, फुलं आणा. मी घरी धावत आले, मागचं दार उघडलं आणि मग लक्षात आलं. आम्ही पाच वर्षं खपून लवकर फुलणारी केली होती, ती केव्हाच फुलून गेली होती. वाफ्यात नुसत्या वाळक्या बोंडांच्या काड्या होत्या. सायीचीही फुलं संपली होती. त्या पहिल्या वर्षानंतर हिवाळ्यात ती गावात असण्याची ही पहिलीच वेळ, आणि माझ्या दारात तिला द्यायला एक फूल नव्हतं. मी बाजारातून झेंडूचे हार आणले.

जोडी तुटल्यावर कोयता चालत नाही. ज्या शेतकऱ्याच्या फडात ते दोघं तोडायचे, त्यानं तिला गोठ्याच्या आणि घरच्या कामाला कायमचं ये म्हणून निरोप पाठवला. राहायला खोली होती, मुलीला तिथं जवळच कॉलेज होतं. नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ती निघाली. मी तिला काचेतलं प्रमाणपत्र दिलं. तिनं ते साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. मग म्हणाली, "एक डबा द्या." अंगणात जाऊन तिनं स्वतः चार फुटवे मुळांसकट काढले, मुरमासकट डब्यात घातले. मी थोडं शेणखत घालायला गेले तर म्हणाली, "नको. सवय न्हाई त्याला."

पावसाळ्यात तिचा फोन आला. "बाई, इथं पाणी लई हाय. काळी माती. झाड माजलं, फूल काय धरंना. दोन तर बुडातून कुजले." मी म्हणाले, मी इकडून पुन्हा पाठवते. "पाठवू नका," ती म्हणाली. "म्या बगते."

गेल्या दसऱ्याला आम्ही दोघं तिला भेटून आलो. मी निवृत्त झाले आहे, हेही झाले आहेत, यांच्या पासावर एसटीनं गेलो. कालव्याच्या कडेचं गाव, नजर जाईल तिकडे ऊस. गोठ्यामागे पाया खणताना निघालेल्या दगडांचा ढीग होता. त्याच्या फटींत तिनं शेवंती लावली होती, आणि ती पांढरी फुललेली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर एक वेगळंच झाड. फुलं भाजक्या विटेच्या रंगाची. असा रंग आमच्या अंगणात कधी निघाला नव्हता.

"हे कुठून आणलंस?"

"आणलं न्हाई. इथल्या मालकिणीची तांबडी हाय दारात, तिचं बी धरलं. सतरा रोपं झालती. ह्ये एक ठिवलं."

ती बारीक झाली होती, केस पांढरे झाले होते. झाडाची वाळकी पानं काढता काढता ती बोलायला लागली. नवऱ्याविषयी तोवर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तो गेला त्या दिवशी पहाटे त्यानं स्वतः चूल पेटवली होती, तिच्या बोटाला कोयता लागला होता म्हणून. भाकरी मात्र त्याला जमली नाही, जाड झाली. तिनं त्याला चिडून म्हटलं, पीठ वाया घालवलंत. "त्येच शेवटचं बोलणं," ती म्हणाली. "ती भाकर तशीच बांधून दिली म्या त्यास्नी. खाल्ली का न्हाई, ठावं न्हाई."

मी तिच्या शेजारी बसून पानं काढू लागले. हे गोठ्याच्या दारात तिच्या मुलीशी बोलत होते. मुलगी आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. इकडे माझ्या शेजारी हिच्या मांडीवर वाळक्या पानांचा लहानसा ढीग झाला होता. तो तिनं उचलून उसाच्या पाचटावर टाकला, हात धुतले, आणि आम्हाला जेवायला आत यायला सांगितलं.